मेहरबीचा काळा चहा

४ डिसेंबर १९३८

फुकट! फुकट म्हटलं की आमच्या वाशीमचे लोक विषही पितील, वर दुसऱ्यांदा कप पुढे करतील. चहा कंपनीचा तो फुलसिंग आज, बाजाराच्या दिवशी, नेमका माझ्या दुकानासमोर छकडा लावून बसला. पितळी टाकी, तिला तोटी, शेजारी भोंग्याचं गाणं, वर कंपनीचा निळा पत्रा. रिठदचे लोक, किन्हीराजाचे लोक, सगळे रांगेत! माझ्या लेमनच्या बाटल्या ओल्या पोत्याखाली तशाच पडून. एकाचीही गोटी फुटली नाही दुपारपर्यंत.

दौलतराव एवढा मोठा जमीनदार. जेवणानंतर माझा सोडा प्यायल्याशिवाय त्याला ढेकर येत नाही. तोही कपबशी घेऊन उभा! मला पाहिलं आणि बशीत तोंड घातलं.

आणि फुलसिंगची हिंमत बघा. "निजामभाई, तुमी बी घ्या ना एक कप. पैसे नाई लागत." मला म्हणतो! बापानं अकोल्याहून बैलगाडीत घालून ही सोड्याची मशीन आणली, तेव्हा या फुलसिंगला धोतर नेसता येत नसेल. हातातली बाटली त्याच्या टाळक्यात घालणार होतो. बायकोनं, मेहरबीनं, आतून कडी वाजवली म्हणून थांबलो.

मराठी शाळेत शिकलो, म्हणून मराठीत लिहितो. ते बरंच आहे. बायकोला उर्दू तेवढी वाचता येते, अम्माला तीही नाही. शिव्या मोकळ्या घालता येतात.

६ डिसेंबर

मुंबईचा व्यापारी चोर निघाला! आइस्क्रीम सोड्यात घालायचा व्हॅनिलाचा अर्क — पूर्वी बाटलीचं बूच काढलं की गल्लीतली पोरं धावत यायची. आता बूच काढा, नाक बाटलीत खुपसा, काही नाही. नुसतं पाणी! दुप्पट टाकतो तेव्हा कुठे मनाचं समाधान होतं. त्याला आज पत्र टाकलं. तुझ्या सात पिढ्या सोडायच्या नाहीत असं लिहिलं.

११ डिसेंबर

आज डोकं फिरलं.

वाशीमच्या बाजारात तूप खरं की खोटं हे माझं नाक सांगतं. बापापासून चालत आलेलं आहे. अत्तर असो, केवडा असो, तूप असो — भांडण झालं की लोक म्हणतात, चला निजामुद्दीनकडे. मी थोडं मनगटामागे चोळतो, ऊब लागली की वास घेतो, आणि सांगतो. पुढे कोणी बोलत नाही. हल्ली त्या डब्यातल्या वनस्पती तुपानं तर धुमाकूळ घातला आहे. खऱ्यात मिसळतात आणि खऱ्याच्या भावानं विकतात.

दौलतरावाच्या मुलीचं लग्न आहे. किन्हीराजाच्या जगदेवनं घागरभर तूप आणलं होतं. दौलतराव म्हणाला, निजामभाईनं हो म्हटलं की घेतो. मी चोळलं. वास घेतला. काही नाही! दगडाला चोळल्यासारखं. सांगून टाकलं, डब्यातलं आहे.

जगदेव पांढरा पडला. "निजामभाई, माया म्हशीचं हाय हो. माया बायकोनं कढवलं. अजून एकडाव पाहा ना!"

मी दोनदा पाहत नाही. तसं म्हणालो. लोक हसले, कोणीतरी त्याचा फेटा ओढला. तो घागर डोक्यावर घेऊन गेला. असल्या लबाडांची मला चीड येते! म्हशीचं म्हणे.

१२ डिसेंबर

जेवणातलं सालन बेचव. काल बेचव, परवा बेचव. मेहरबीला विचारलं, घरातला मसाला संपला का? बोलली नाही. हल्ली बोलत नाही, नुसती बघते. त्याचाही राग येतो.

१५ डिसेंबर

माळवदावर संत्र्याच्या साली! चादर भरून. मला वाटलं लोणचं घालते आहे. तर म्हणाली चहा करायचा. चहा! या घरात!

मी ओरडलो. तिनं ओरडू दिलं. मग म्हणाली, "तुमी चहाले शिव्या देऊन राह्यले अन् लोक चहा पिऊन राह्यले. मंग आपनच काहून नाई इकत?"

फुलसिंग फुकट देतो, तुझा कोण घेईल, असं मी विचारलं. म्हणे कंपनीचा चहा सगळीकडे सारखाच, दूध-साखर-पत्ती. आपण बिनदुधाचा करू. संत्र्याच्या सालीचा चुरा पत्तीत मिसळून ठेवायचा, उकळल्यावर वरून व्हॅनिलाचा एक थेंब. व्हॅनिला काय, आपल्या कपाटातच आहे.

"काळा चहा मयताच्या घरी देतात," मी म्हणालो. "गिऱ्हाईक विचारेल, कोण मेलं?"

"पिल्यावर नाई इचारनार."

तिची ही पद्धत. आवाज चढवत नाही. मी चढवतो आणि मीच दमतो.

१७ डिसेंबर

कप फोडला. अम्माच्या लग्नातला, निळ्या फुलांचा.

झालं असं. असरच्या नमाजनंतर मेहरबीनं चहा आणला. पातेल्यावरचं झाकण काढलं तशी अम्मा खाटेवरून उठून बसली. गुडघे धरून बसणारी बाई, उठून बसली! "या अल्लाह, हे काय व पोरी? बागेत बसल्यासारखं वाटून राह्यलं." एक घोट घेतला, डोळे मिटले. म्हणाली आधी संत्रं येतं, मग काहीतरी गोड, दुधाच्या सायीसारखं, आणि मग चहाचा कडूपणा. तिघे वेगळे वेगळे येतात, गळ्यात एक होतात. अम्मा सुगराबी, जिनं आयुष्यात कशाला चांगलं म्हटलं नाही!

मग मी प्यायलो. चहा गरम होता. कडू होता. साखर होती, ती कळली. पुढे? पुढे काही नाही. संत्रं नाही, साय नाही, बाग नाही. फुंकर मारून पुन्हा प्यायलो. तोंडात धरून ठेवला. गरम पाण्यात काडी बुडवल्यासारखा.

म्हटलं, माझी थट्टा चालवली आहे का दोघींनी? गरम पाणी देता आणि वा वा करता!

"अजी, अजून एक घोट घ्या," मेहरबी म्हणाली. हळू. आजाऱ्याशी बोलतात तसं.

तेव्हा कप भिंतीवर मारला. अम्मा ओरडली नाही. तिनं मेहरबीकडे पाहिलं, मेहरबीनं तिच्याकडे. ते बघणं मला अजिबात आवडलं नाही.

१८ डिसेंबर

दोघी शेजारी गेल्या होत्या. दार लावून घेतलं.

अत्तराची कुपी — नाही. घासलेटचा डबा — नाही. शेळीजवळ गेलो, तिच्या मानेत नाक घातलं, तिनं शिंग मारलं — नाही. कांदा चिरला. डोळ्यांतून पाणी आलं, पण कांदा आला नाही. कापूर नाकाला गार लागला, तेवढंच. जुने जोडे. फडताळातली हिंगाची डबी. नाही, नाही, नाही!

भादव्यात ताप आला होता. नाक बंद झालं, डोकं फुटत होतं. ताप गेला, नाक मोकळं झालं, मी मशीनवर उभा राहिलो. मला वाटलं बरा झालो. तेव्हापासून दुनिया बेचव आहे, आणि मी दुनियेला चोर म्हणतो आहे.

मुंबईचा व्यापारी चोर नव्हता.

जगदेवचं मात्र तूप... नाही. ते डब्यातलंच असेल. असायलाच पाहिजे.

१९ डिसेंबर

कोणाला सांगणार नाही. मेलो तरी नाही.

२३ डिसेंबर

लिहू की नको. लिहितो. नाहीतर आज कोणाचा तरी जीव घेईन.

जुम्म्याच्या नमाजला गेलो होतो. मशिदीत चक्कर आल्यासारखं वाटलं, म्हणून लवकर परतलो. मागच्या दारानं आत आलो तर मेहरबी आणि अम्मा कोठीत. सकाळी मी केलेला पाक, दुप्पट अर्क घालून ठेवलेला, दोघी मोरीत ओतत होत्या! भरलं पातेलं! चुलीवर दुसरा पाक उकळत होता, मेहरबीच्या हातात अर्काची बाटली.

"कवापासून?" एवढंच विचारता आलं मला.

"भादव्यापासून," ती म्हणाली.

रोज! रोज मी नाकानं वास घेऊन, मान डोलावून, अर्क टाकायचो. रोज मी बाहेर गेलो की या तो फेकायच्या आणि नव्यानं करायच्या. माझ्या नावाचं लेमन वाशीम पीत होतं आणि त्यात माझं काही नव्हतं. मला वाटत होतं मी दुकान चालवतो!

काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी म्हटलं, सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तं तुमी मशीन इकून अंधारात बसले असते. मी तुमाले वळखत नाई का?"

अम्मा मध्ये पडली. "तुले तुया नाकाची लय घमंड, बेटा. घमंडीवाल्याले कोन सांगते?"

आई असून!

मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "जगदेवचं तूप?"

मेहरबीनं मान खाली घातली. "घागर उघडली तवा दारामागंवर वास आला होता. असली होतं."

असली होतं! आणि ही दारामागे उभी होती! एका माणसाची बाजारात अब्रू गेली आणि हिच्या तोंडाला कुलूप? मी म्हणालो तसं. तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज चढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा.

"काय करत होती मी? पडद्याबाहेर येऊन भर बाजारात तुमाले खोटं पाडत होती? मंग तुमीच मले घरात घेतलं असतं का?"

बाहेर जाऊन मशीनचं चाक फिरवत बसलो, बाटल्या नसताना.

२४ डिसेंबर

मेहरबीशी बोललो नाही.

२७ डिसेंबर

आजही नाही. तीही बोलली नाही. चहा मात्र रोज करते. अम्मा रोज पिते, मुद्दाम आवाज करून.

दौलतरावाचा गडी सांगत होता, जगदेवचं तूप आता शेजारच्या मालेगावातही कोणी घेत नाही. गावात त्याच्या बायकोला डबेवाली म्हणतात. विहिरीवर म्हणतात, तोंडावर म्हणतात. गडी हसत होता. त्याला दुकानाबाहेर काढलं.

२ जानेवारी १९३९

रंगूबाई आली. जगदेवची बायको. किन्हीराजाहून चालत, काखेत तुपाची लोटी. दुकानात आली नाही, सरळ मागच्या अंगणात गेली. मी कोठीत होतो. बाहेर यायची हिंमत झाली नाही. दाराच्या फटीतून ऐकत राहिलो. माझ्याच घरात मी पडद्यात!

"तुया घरवाल्यानं माया हातचं तूप भेसळीचं म्हनलं. बाप्पाची आन घेऊन सांगतो, म्या त्यात पान्याचा थेंब बी नाई टाकला. घे, तू सुंग. बाईच्या जातीनं बाईले खोटं नको सांगू."

मेहरबीनं घेतलं. मग म्हणाली, "मेथीची दोन पानं टाकते ना कढवताना? अन् आचेवरून उतरवाले थोडा उशीर करते."

रंगूबाई रडायला लागली. रागानं आलेली बाई, धाय मोकलून रडली. मेहरबीनं तिला चहा दिला. रंगूबाईनं नाक पुसलं आणि विचारलं, "हे संत्रं हाय ते समजलं. पन मागून गोड गोड काय येऊन राह्यलं व?" हिनं व्हॅनिलाची बाटली दाखवली. दोघी तो वास घेत बसल्या. माझ्या कारखान्यातला अर्क, आणि मला सोडून सगळ्यांना येतो!

जाताना रंगूबाई म्हणाली, "मले एकटीले सांगून काय उपेग? ज्या बाजारात म्हनलं, त्या बाजारात सांगा."

मेहरबीनं दाराच्या फटीकडे पाहिलं. तिला माहीत होतं मी कुठे आहे.

३ जानेवारी

बोललो. म्हटलं, दुकानात चीक टांगतो, वेताच्या काड्यांचा पडदा. तू आत बस. चहा तू कर, कप चिकेखालून बाहेर दे. बाईमाणूस दिसणार नाही, कोणी बोट दाखवणार नाही.

"नुसता चहाच ना?" तिनं विचारलं.

"चहाच," मी म्हणालो. रागानंच म्हणालो. काय समजायचं ते ती समजली असेल.

८ जानेवारी

बाजार. चीक टांगली. सकाळी कोणी फिरकेना. एक म्हातारा म्हणालाच, "बिगरदुधाचा? निजामभाई, घरी सगळे बरे हायेत ना?" मेहरबी आतून हसली. ऐकू आलं मला.

मग पातेल्यावरचं झाकण निघालं. मला काय, वाफ दिसली. पण रस्त्यावरचे लोक चालता चालता थांबले. एक थांबला, चार थांबले. फुलसिंगच्या रांगेचं शेपूट वळून माझ्याकडे आलं. पैसे देऊन! फुलसिंग स्वतः आला, फुगलेला. "चहात दूध पायजे, नाईतं तो चहाच नाई," म्हणून आपल्या भांड्यातलं दूध त्यानं कपात ओतलं. मेहरबी शेवटी लिंबाचे दोन थेंब पिळते. दूध फाटलं! लोकांनी असा हंशा केला की त्याचा भोंगा ऐकू येईना. कितीतरी दिवसांनी मीही हसलो.

हसत असतानाच दौलतराव आला. मागे जगदेव, त्याच्या मागे रंगूबाई, डोक्यावर घागर. दौलतरावालाच गळ घालून आणलं होतं तिनं. तो वैतागला होता. "निजामभाई, ही बाई मले चार दिवसांपासून सोडून नाई राह्यली. पुन्हा एकडाव पाहा अन् मिटवा हे."

घागर माझ्या हातात.

आता खरं लिहितो. तूप असली आहे हे मला माहीत होतं. मनगटाला चोळायचं, डोळे मिटायचे, म्हणायचं, हे असली आहे. मागच्या वेळचं नव्हतं. जगदेवचं तूप विकलं गेलं असतं. माझं नाक राहिलं असतं. कोणाला काही कळलं नसतं. मी बोट घागरीत घातलंही होतं.

रंगूबाई माझ्याकडे पाहत होती. विनवत नव्हती. शिव्या देत असावी मनात. मी बोट पुसलं आणि घागर चिकेखाली सरकवली.

"हे काय?" दौलतराव म्हणाला.

मी तोंड उघडलं. बोलणार होतो. अल्लाची शपथ, बोलणार होतो! तेवढ्यात आतून आवाज आला, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा. "असली हाय. त्या दिवशीचं बी असलीच होतं. माया घरवाल्याचं नाक भादव्यापासून बंद हाय."

माझं वाक्य होतं ते! एवढ्या दिवसांचं घशात अडकलेलं, मीच म्हणायचं होतं, आणि तिनं चिकेआडून फेकून दिलं, लिंबाची बी फेकावी तसं! इतका राग आला की तिथंच जगदेवसमोर हात जोडले. दुसरं काय करणार? तो घाबरून मागे सरकला. रंगूबाई सरकली नाही. म्हणाली, "आता गावात बी येऊन सांगा."

येतो म्हणालो.

९ जानेवारी

किन्हीराजाला जाऊन आलो. विहिरीवर सांगितलं, सगळ्या बायांसमोर. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. परतताना जगदेव शिवेपर्यंत सोबत आला आणि तिथून मागे वळला.

२२ जानेवारी

आज एकानं येऊन विचारलं, "मेहरबीचे घरवाले तुमीच का?" तुपाची वाटी घेऊन आला होता, वास दाखवायला.

त्याला झापलं. मग वाटी चिकेखाली सरकवली.

५ फेब्रुवारी

चहा संपतो, लेमन उरतं. मेहरबी म्हणते उन्हाळ्यात उलटं होईल. तिला सगळं माहीत! सालीचा चुरा मी कुटतो, तिनं सांगितला तसा. जाड राहिला की आतून कप परत येतो.

१२ फेब्रुवारी

आज वास आला.

दुपारी तिनं कप दिला, मी तोंडाला लावला, आणि आला! भादव्यानंतरचा पहिला वास. जळक्या केसांचा. केस आणि सडकं मांस, घोटाघोटाला. कप दूर केला तर गेला, जवळ आणला तर पुन्हा तोच. शेजारचं गिऱ्हाईक तोच चहा मिटक्या मारत पीत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" मेहरबीनं चिकेआडून विचारलं.

"वास येऊन राह्यला," मी म्हणालो.

ती रडायला लागली. चीक, गिऱ्हाईक, कशाचं भान नाही, हमसून हमसून रडली. अम्माला हाका मारल्या. कसला वास ते तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

"वा," म्हणालो, आणि कप संपवला.